आधी ब्रेक, मग इंजिन

मोबाईलवर एक रील तुम्हीही पाहिली असेल. जुनी प्रीमियर पद्मिनी, सस्पेन्शन कापून खाली बसवलेली, रुंद टायर आणि बॉनेटखाली भलतंच इंजिन. भारीच दिसते! प्रश्न पुढचा आहे. ही गाडी मिरवण्यापुरती नको, रोज कॉलेजला न्यायची असेल तर काय?

अमेरिकेत अशा गाडीला स्ट्रीट रॉड म्हणतात. तिथल्या पोरांनी १९३२ च्या जुन्या फोर्ड गाड्यांमध्ये तगडी इंजिनं बसवली, तिथून हे वेड पसरलं. पण त्या फोर्डला खाली वेगळी चासी होती. आपल्या पद्मिनीला ती नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीची ही कुर्ल्यात बनलेली गाडी, मूळची फियाट ११००. तिची बॉडीच सगळा भार पेलते. म्हणजे इंजिन बसत नाही म्हणून पत्रा कापला, की गाडीचा कणाच कापला. गॅरेजवाला 'होऊन जाते भाऊ' म्हणेल. त्याचं वेल्डिंग होऊन जाते, पुढे गाडीत तुम्ही बसता.

आणि कमजोरी इंजिनात आहेच कुठे? १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर. दत्त चौकातून आर्णी रोडला जायला आणखी किती पाहिजे? खरी भीती थांबण्याची आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. जुन्या मॉडेलमध्ये सीटबेल्टही नाहीत. पांढरकवड्याहून हैदराबाद हायवेला लागलात आणि पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, तर वाढवलेली ताकद काय कामाची? म्हणून माझ्या मते पैसे याच क्रमाने जावेत : ब्रेक, टायर, सीटबेल्ट, हेडलाइट, वायरिंग. मग रेडिएटर, कारण आपल्याकडचा मे महिना काय असतो हे वेगळं सांगायला नको. कार्ब्युरेटरकडे जाणारे रबरी पाइपही बदला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. यातलं काहीच रीलमध्ये दिसत नाही, हीच तर गोम आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झालाच, तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण.

मग व्हिंटेज नोंदणी करू, असं कोणी म्हणेल. २०२१ च्या नियमांत तीही सोय आहे : गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, फी २०,००० रुपये. पण मग ती रोज चालवता येत नाही. रॅलीला न्या, प्रदर्शनाला न्या, पेट्रोल भरायला न्या. कॉलेजला मात्र नाही! म्हणजे जुनी गाडी जपायची तर दाराआड ठेवा, आणि वापरायची तर आहे त्या ड्रम ब्रेकवर चालवा.

इथेच माझा आक्षेप आहे. बॉडी कापणाऱ्यावर कारवाई व्हावी, त्याबद्दल दुमत नाही. पण सीएनजी किट बसवायला सरकारने रस्ता करून दिलाय : मान्यताप्राप्त किट, तपासणी, आरसीवर नोंद. इलेक्ट्रिक किटसाठीही तशीच मान्यता मिळते. मग जुन्या गाड्यांच्या डिस्क ब्रेकसाठी आणि सीटबेल्टसाठी असं किट का नसावं? पुण्याच्या एआरएआयने एकदा तपासावं आणि यवतमाळच्या आरटीओत एका अर्जावर त्याची नोंद व्हावी. एमएच-२९ ची एखादी पद्मिनी घरच्या अंगणात धूळ खात असेल, तर ती भंगारात जाण्याऐवजी रस्त्यावर यावी, तीही वेळेवर थांबणारी.

तोवर ग्राइंडर हातात घेऊ नका. आधी आरसी काढा, इंजिन नंबर जुळतो का बघा, आणि गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा किती सडलाय ते टॉर्च मारून तपासा.