निरंक अहवालामागचे काम

दसऱ्याच्या सुमारास वेदगंगेचे पाणी पात्रात उतरते, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालण्याची तजवीज सुरू होते, आणि त्याच दिवसांत मुरगूडसारख्या नदीकाठच्या गावांतून तिन्हीसांजेला धुराचे यंत्र खांद्याला अडकवून गल्लीबोळ हिंडणारा माणूस दृष्टीस पडू लागतो. त्याच्यामागे मुलांचा घोळका धावतो, घरोघर दारेखिडक्या लगबगीने लावून घेतल्या जातात (वास्तविक त्या वेळी त्या उघड्या असाव्यात, अशी अपेक्षा असते), आणि धूर विरून गेला की कारभाऱ्यांनी आपले कर्तव्य चोख बजावले, अशी सर्वांची समजूत होऊन राहते. डासांच्या बंदोबस्ताचे जे नाना उपाय आजवर योजले गेले, त्यांपैकी सर्वांत अधिक दिसणारा आणि सर्वांत कमी टिकणारा उपाय हाच होय, असे म्हटले तर कित्येकांस ते रुचणार नाही; परंतु ज्या कामामुळे हिवताप आपल्याकडे विरळ झाला ते काम कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही, आणि म्हणूनच खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली की ती प्रथम त्याच्यावर चालते, ही गोष्ट एकदा स्पष्ट बोलून दाखवणे मला आवश्यक वाटते.

धुराने मरतो तो त्या घटकेला हवेत उडत असलेला डास. ओढ्याच्या डबक्यात, नदीपात्रात खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात, पाटाच्या कडेच्या ओलीत वाढत असलेल्या त्याच्या संततीला त्या धुराची वार्ताही नसते, आणि अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचा तिचा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होत असल्यामुळे पुढच्या पंधरवड्यात गल्ली पुन्हा पूर्ववत गुणगुणू लागते. ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा मुख्य डास, ज्याला शास्त्रज्ञ ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस म्हणतात, तो दिवसभर गोठ्याच्या अंधाऱ्या भिंतीवर विसावतो आणि रात्री बाहेर पडतो. संध्याकाळच्या धुराशी त्याची गाठ पडेलच असे नाही. साथ भडकली असता धुराचा काही उपयोग होतो, हे मान्य करावयास हवे. साथ नसताना तो बव्हंशी देखावा असतो.

आता हिवताप विरळ करणाऱ्या त्या कामाकडे वळू. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई इलाख्यात विलीन झाले, त्याच्या थोडे आधी आपल्या शेजारच्या धारवाड आणि कारवार या जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारण्याचे प्रयोग झाले होते, आणि सह्याद्रीच्या पायथ्याची तापाने खंगलेली खेडी या औषधाने उठून उभी राहतात, हे त्या प्रयोगांनी दाखवून दिले होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरसाल साडेसात कोटी माणसांना हिवताप होई आणि आठ लाख त्यात दगावत, असा त्या काळचा अंदाज आहे. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याचे यश पाहून 1958 साली ‘नियंत्रण’ जाऊन त्याच्या जागी ‘निर्मूलन’ आले. मग फवारणीच्या टोळ्या गावोगाव मुक्काम करू लागल्या. घराच्या दर्शनी भिंतीवर फवारणीची तारीख रंगवली जाऊ लागली. आरोग्यसेवक पंधरवड्याला उंबरठ्याशी येऊन ‘घरात कोणाला ताप आहे काय’ म्हणून विचारू लागला, आणि असल्यास बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊ लागला. अडचणी नव्हत्या असे नाही. सणासुदीच्या तोंडावर गृहिणी भिंती शेणामातीने सारवून काढीत, आणि आठवड्यापूर्वी फवारलेले औषध त्या सारवणाखाली गाडले जाई. पण सारवण थांबवा असे ऐन दिवाळीत सांगण्याची छाती कोणत्या सरकारी नोकराला होणार?

तरीही 1965 साली देशातील रुग्णांचा आकडा एक लाखाच्या घरात उतरला आणि त्या वर्षी हिवतापाने एकही मृत्यू झाल्याची नोंद झाली नाही. दिग्विजयाची ती घटका होती. परंतु दिग्विजयानंतर छावण्या उठवण्याची जी घाई होते, तीच येथेही झाली. डी.डी.टी.ला न जुमानणारे डास निपजू लागले होते, औषधाचा पुरवठा वेळेवर होईनासा झाला, आणि ज्या जिल्ह्यांतून रोग गेला असे ठरले तेथील पहारा सर्वसाधारण आरोग्यखात्याकडे सोपवण्यात आला, ज्याच्यापाशी ना पुरेसे मनुष्यबळ होते ना सूक्ष्मदर्शकासमोर दिवसभर बसण्याची शिस्त. काचपट्ट्या तपासणीवाचून महिनोन्‌महिने पडून राहू लागल्या. अकरा वर्षांनी, 1976 साली, रुग्णांचा आकडा 64 लाखांवर गेला.

सिंहलद्वीपाची (श्रीलंकेची) कथा याहून बोलकी आहे. 1963 साली त्या संपूर्ण बेटावर हिवतापाचे 17 रुग्ण आढळले. पहारा ढिला पडला, आणि 1968-69च्या साथीत ती संख्या पाच लाखांच्या वर गेली. त्यानंतर त्या राष्ट्राने जे केले ते मात्र अनुकरणीय होय. दीर्घ यादवी युद्धाच्या काळातही त्याने रक्ततपासणीची व्यवस्था मोडू दिली नाही, 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेकडून हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मन्नार बेटावर ॲनॉफिलीस स्टीफेन्सी हा परका डास शिरल्याचे त्याच्याच कीटकशास्त्रज्ञांनी हुडकून काढले. प्रमाणपत्र हाती आल्यावरही डास पकडून त्यांची जात पाहणारी माणसे पगारावर होती, म्हणूनच हे कळले.

हा स्टीफेन्सी आपल्याला अपरिचित नाही. मुंबईचा शहरी हिवताप पसरवणारा तो हाच. डॉ. बेंटली यांनी 1911 साली मुंबईच्या हिवतापावर जो अहवाल सादर केला, त्यात शहरातील विहिरींकडे बोट दाखवले होते, आणि विहिरी बुजवण्याची वा झाकण्याची मोहीम सुरू होताच धर्मभावना दुखावल्याच्या तक्रारी महापालिकेच्या दप्तरी येऊन पडल्या होत्या. विहिरींचे पाणी ज्यांना पवित्र, त्यांच्याशी वाटाघाटी करून तारेच्या बारीक जाळीची झाकणे बसवण्यापर्यंत मजल आली. विहिरींची जागा पुढे गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली, आणि डासाने निमूटपणे आपले बिऱ्हाड वर हलवले. आता हाच डास समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेला आहे. 2012 साली तो जिबूतीत प्रथम आढळला, तेव्हा त्या चिमुकल्या देशात हिवतापाचे 27 रुग्ण होते. 2020 साली तेथे 73,000हून अधिक रुग्णांची नोंद झाली. शेतीवाडीच्या डासावर आखलेली आफ्रिकेतील सारी युद्धनीती या शहरवासी पाहुण्यापुढे गोंधळून गेली आहे. मुरगूडच्या वाचकाला जिबूतीशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु सिमेंटच्या टाक्या, प्लास्टिकची पिंपे आणि अर्धवट बांधकामांचे हौद आता तालुक्याच्या गावीही तितकेच आहेत, आणि डास ग्रामीण की शहरी हे ठरवण्याचा अधिकार महसूल खात्याच्या नोंदींना नाही.

संशोधनाचा विषय निघाला म्हणजे लोकांचे लक्ष प्रथम लशीकडे जाते, आणि त्यात अभिमानाचे कारणही आहे: ऑक्सफर्ड येथे सिद्ध झालेली आणि 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली आर-21 ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. परंतु ती आहे फॅल्सिपेरम या मारक जातीच्या परजीवीविरुद्ध, आणि मुख्यतः आफ्रिकेतील बालकांसाठी. व्हायव्हॅक्स नावाची जी दुसरी जात आपल्याकडे सर्रास आढळते, तिच्यावर या लशीचा इलाज चालत नाही. या व्हायव्हॅक्सची खोडी अशी की, त्याची काही बीजे रुग्णाच्या यकृतात दडून बसतात आणि ताप उतरल्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्वीनच्या गोळ्या 14 दिवस घ्याव्या लागतात, आणि ताप तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उतरलेला असतो. अंगात कणकण उरली नसताना आणखी दहा दिवस गोळ्या गिळण्याची चिकाटी किती जणांत असते, हे प्रत्येकाने आपल्या घरातील औषधांचा डबा उघडून पाहावे.

येथेच आपल्या कागल तालुक्याचा खरा प्रश्न उभा राहतो. हमीदवाडा आणि बिद्रीच्या कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला खोपी घालून राहतात, आणि एका शिवारातील तोड संपली की पुढच्या शिवाराला जातात. या माणसांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. डासाच्या चाव्यापुढे सर्वांत उघडे पडलेले तेच असतात. पण त्यांच्यापैकी एखाद्याला ताप आला, काचपट्टीत व्हायव्हॅक्स आढळला, आणि 14 दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या, तर सातव्या दिवशी तो कोणत्या गावच्या आशाताईंच्या हद्दीत असेल हे कोणालाच सांगता येत नाही. त्याचा ठावठिकाणा बिनचूक जाणणारा एकच इसम असतो, तो म्हणजे टोळीचा मुकादम, ज्याच्या वहीत प्रत्येक कोयत्याची, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडप्याची, आगाऊ उचल पैशापैशाने मांडलेली असते. त्या वहीत औषधाचा एक रकाना वाढवून गोळ्या पुऱ्या होतात की नाही, हे कारखान्यांच्या आणि आरोग्यखात्याच्या सहकार्याने एक हंगाम तपासून पाहणे, हे माझ्या मते उत्तम संशोधन ठरेल, आणि त्याला परदेशी अनुदानाची गरज पडणार नाही.

2027पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणावयाचे आणि 2030पर्यंत देश हिवतापमुक्त करावयाचा, असा केंद्र सरकारचा संकल्प आहे. प्रमाणपत्रासाठी लागोपाठ तीन वर्षे एकही स्थानिक रुग्ण नसल्याचे सिद्ध करावे लागते, आणि सिद्ध करावे लागते म्हणजे शोधूनही सापडला नाही हे दाखवावे लागते. शोध न घेता पाठवलेला निरंक अहवाल आणि शेकडो काचपट्ट्या पाहून पाठवलेला निरंक अहवाल कागदावर एकसारखेच दिसतात, ही या कामातील सर्वांत मोठी मेख आहे. खासगी दवाखान्यात तापावर अंदाजाने गोळ्या दिल्या जातात आणि रक्त तपासलेच जात नाही, तो रुग्ण तर कोणत्याच अहवालात येत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. धुराच्या औषधावर आणि इंधनावर दरसाल जी रक्कम खर्ची पडते, तिच्यातील निम्मी तरी गळीत हंगामापुरता एक जादा प्रयोगशाळा तंत्रज्ञ नेमण्यासाठी आणि पडक्या विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडून ते जगले की नाही हे महिन्याला पाहणाऱ्या माणसासाठी वळवावी. हिवतापाचा मासिक अहवाल नगरपरिषदेच्या आणि आसपासच्या ग्रामपंचायतींच्या सभेपुढे यावा, त्यात रुग्णसंख्येच्या शेजारीच किती तापकऱ्यांचे रक्त घेतले, ते किती दिवसांत तपासले आणि त्यांपैकी किती ऊसतोडीच्या खोपींतले होते, हे नमूद असावे. आणि ज्या महिन्यात काचपट्ट्यांचा आकडा घसरलेला दिसेल, त्या महिन्याचा निरंक अहवाल सभेने दाखल करून न घेता खुलाशासाठी परत पाठवावा.