शिदोरी किती, ओझे किती

कुर्ऱ्यात नाव निघाले की खापरमध्ये मुबारकबादीबरोबर सल्लेही घरी येतात. तांदूळ न्या, लोणचे न्या, जाड ब्लँकेट न्या, तिकडे काही मिळत नाही. सल्ला देणारे बहुधा वडीलधारे असतात आणि मनापासून सांगतात. पण त्यांच्या डोळ्यांसमोर असते ती जहाजाने केलेल्या हजची यादी. जाणारा निघतो विमानाने. मग आडत दुकानाच्या काट्यावर बॅग चढवली की काटा पुढेच जातो आणि घरात वाद सुरू होतो.

जहाजाची ती यादी त्या काळी अगदी बरोबर होती. मुंबईहून जेद्दाहला मुघल लाइनची जहाजे जात. 'एम. व्ही. अकबरी' हे त्यांतले शेवटचे, आणि 1995 नंतर ही जलवाहतूक बंद झाली. नंदुरबारहून रेल्वेने मुंबई गाठायची, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करायचा, मग आठवडाभर समुद्र, पुढे मक्का-मदिनेतला मुक्काम आणि पुन्हा समुद्र. घर सोडून दोन-तीन महिने सहज जात. म्हणून पत्र्याची पेटी, वळकटी, भांडी, धान्य, औषधी काढे सगळे बरोबर लागे. हल्ली मुंबईच्या बंदरातून गोवा-लक्षद्वीपच्या सहलीला आलिशान क्रूझ सुटतात आणि त्यांच्या प्रवाशांना सामान कसे भरावे, पैसा कुठे वाचवावा हे समजावून सांगितले जाते. आपल्या घरांनी बोटीचे सामान बांधायची विद्या त्याच्या कितीतरी पिढ्या आधी आत्मसात केली होती. अडचण एवढीच की बोट गेली तरी आपण पेटी अजून तशीच भरतो आहोत.

सूरह अल-बकराच्या 197व्या आयतीत हजला निघणाऱ्यांना शिदोरी बरोबर घ्यायला सांगितले आहे. काही लोक तवक्कुलच्या नावाखाली रिकाम्या हाताने निघत आणि तिथे पोहोचून लोकांपुढे हात पसरत, असा त्यामागचा संदर्भ तफसीरमध्ये येतो. म्हणजे सामान नेणे हे तवक्कुलच्या विरोधात नाही. प्रश्न आहे तो शिदोरी कुठे संपते आणि ओझे कुठे सुरू होते याचा.

सुरुवात वजनापासून करू. तिकिटावर किंवा हज समितीच्या सूचनापत्रात किती किलोच्या किती बॅगा चालतील ते लिहिलेले असते. तो आकडा घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा आणि निघताना त्यापेक्षा पाच-सहा किलो कमीच भरा, कारण येताना सामान वाढणारच. रिकाम्या बॅगेचेच वजन चार-पाच किलो असेल तर ती बॅग नको. दोरखंडाने आवळलेली गाठोडी विमानतळावर अडवतात, त्यामुळे साधी चाकांची, मजबूत चेनची बॅग बरी. एकाच रंगाच्या शेकडो बॅगा पट्ट्यावर फिरत असतात. आपल्या बॅगेला घरातल्या जुन्या ओढणीची ठळक पट्टी शिवून टाका आणि नाव, कव्हर नंबर, मोबाइल नंबर बाहेर चिकटवा तसा आतही एका कागदावर ठेवा. नवरा-बायको दोघे जात असतील तर प्रत्येकाचे निम्मे कपडे दुसऱ्याच्या बॅगेत ठेवावेत. एक बॅग उशिरा आली तरी कोणी अंगावरच्या कपड्यावर राहत नाही.

कपड्यांच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. चाळीस दिवसांचा मुक्काम असला तरी चाळीस दिवसांचे कपडे लागत नाहीत. चार सुती जोड पुरतात. तिथल्या हवेत रात्री धुतलेला कपडा सकाळी कोरडा असतो. पाच मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे घेतले की लाँड्रीचा खर्च वाचतो. पुरुषांनी इहरामचे दोन जोड घ्यावेत आणि नवी कोरी चादर निघण्याआधी दोनदा धुऊन मऊ करून घ्यावी. खळीची चादर घसरते. मांड्या घासून सोलवटतात हे कोणी लाजेने सांगत नाही, पण तवाफ-सईत चालणे इतके होते की बिनवासाची व्हॅसलिनची डबी ही चैन नाही. इहरामच्या अवस्थेत सुगंध चालत नाही, म्हणून साबणही बिनवासाचा. चपला रबरी, घोट्याचे हाड उघडे राहील अशा, दोन जोड, आणि त्या ठेवायला खांद्याला अडकवायची कापडी पिशवी. हरमच्या दाराशी सोडलेली चप्पल परत सापडेल या भरवशावर राहू नये.

आता हातातली बॅग. सगळ्यात महागात पडणारी गोष्ट इथेच घडते. पहिले विमान जेद्दाहला उतरणार असेल तर मीकात वाटेत, विमानातच येते. इहराम मोठ्या बॅगेत गेला तर करायचे काय? तो हातातच हवा, नाहीतर विमानतळावर जाण्यापूर्वीच अंगावर. आधी मदिना असेल तर तिथून मक्केला निघताना जुल-हुलैफाला इहराम बांधायचा असतो, तेव्हा घाई नाही. म्हणून आपले विमान कुठे उतरते हे निघण्याआधी नीट विचारून घ्या. पासपोर्ट, कागद, रियाल, चष्मा, रोजच्या गोळ्या, इन्सुलिन आणि पॉवर बँक हेही हातातच. कात्री, ब्लेड मात्र मोठ्या बॅगेत. आणखी एक छोटी वस्तू म्हणजे चार्जरसाठी तीन चौकोनी पायांचा अडॅप्टर. तिथले सॉकेट आपल्यापेक्षा वेगळे असते. नंदुरबारच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो.

खाण्याचे सांगायचे तर पहिला इशारा खसखशीचा. आपल्या मसाल्यात, हलव्यात, डिंकाच्या लाडवात ती सहज असते, आणि सौदी अरेबियात तिला अमली पदार्थात धरतात. लाडू केले असतील तर ते कोणी केले, त्यात काय घातले हे विचारूनच बॅगेत ठेवा. खाला प्रेमाने डबा देते, तिला नकार देता येत नाही, तेव्हा तिला आधीच सांगावे, "खाला, लाडू करा, पण खसखस घालू नका." तंबाखू, गुटखा, मिश्री याही तशाच अडकवणाऱ्या वस्तू. शिजवलेले अन्न नको. तेलाची बरणी नको, ती फुटली तर कपड्यांसह गेली. तांदूळ-डाळ भरण्यापूर्वी राहण्याच्या इमारतीत स्वयंपाकाची परवानगी आहे का ते समितीकडे किंवा टूरवाल्याकडे विचारा. नसेल तर पाच किलो धान्य फुकट वाहून न्याल. तिथे रोटी, भात, फळे, ताक सगळे मिळते. न्यायचेच असेल तर जिभेची चव परत आणणारे थोडेसे न्यावे: नंदुरबारच्या लाल मिरचीचे तिखट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, चिवडा आणि खाकरा. गुजरातची हद्द इतकी जवळ असल्याचा आपल्याला हा एक फायदा; खाकरा हलका, न बिघडणारा आणि तोंडाला चव नसलेल्या आजाऱ्यालाही चालणारा. आपल्या गावाच्या नावाच्या भांड्यावरची पुरणपोळी मात्र परत आल्यावरच खावी.

मीना, अरफात, मुजदलिफाच्या पाच-सहा दिवसांसाठी पाठीवरची छोटी पिशवी वेगळी भरायची. इहरामचा दुसरा जोड, घडीची चटई, पाण्याची पट्ट्याची बाटली, छत्री, ओआरएसची पाकिटे, गोळ्या, खाकरा. बस. मुजदलिफाची रात्र उघड्या आभाळाखाली जाते, तिथे चटईच कामी येते. खडे मुजदलिफात जमिनीवरच मिळतात. हरभऱ्याएवढे, तेरा तारखेपर्यंत थांबणाऱ्याला सत्तर, बारालाच निघणाऱ्याला एकोणपन्नास. त्यासाठी कापडाची एक छोटी थैली घरून शिवून न्यावी.

पैशाची गोष्ट थोडी जुनी आहे. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने हजयात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास हज नोटा काढल्या होत्या, त्या सौदीत बदलून मिळत. पुढे हज समितीमार्फत निघताना 2100 रियाल हातात मिळत. 2023 पासून ही सोय आपली आपल्यालाच करावी लागते. म्हणून बँकेत किंवा अधिकृत विदेशी चलनाच्या दुकानात निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी जा, दोन ठिकाणी भाव विचारा आणि पावती घ्या. विमानतळावर ऐन वेळी बदललेला रुपया हमखास कमी भावाने जातो. निम्मी रक्कम फॉरेक्स कार्डावर, निम्मी रोख, आणि रोखीत एक, पाच, दहा रियालच्या नोटा जास्त. रियाल डॉलरशी बांधलेला आहे, एका डॉलरला पावणेचार रियाल. त्यामुळे डॉलर चढला की आपला हजही महागतो, हे हप्ते भरताना लक्षात ठेवावे. बाजारात किंमत दिसली की रियालला वीसने गुणायचे आणि वर थोडे धरायचे. दहा रियाल म्हणजे दहा रुपये वाटणे हेच खिसा रिकामा करते.

खासगी टूरने उमराहला जाणाऱ्यांनी एक कागद जपावा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टूरवाला टीसीएस म्हणून कर कापून घेतो. तो खर्च नव्हे, आपल्या पॅनवर जमा झालेली रक्कम आहे. उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरून ती परत मागता येते. कित्येक घरांत हे कोणी सांगतच नाही आणि काही हजार रुपये तसेच राहतात.

फोनसाठी एका कुटुंबात एक सौदी सिम पुरते, बाकीच्यांनी त्याच्यावरून नेट घ्यावे.

आणि भेटवस्तू. जहाजाच्या दिवसांत जेद्दाहहून आणलेले कापड, ब्लँकेट, टेपरेकॉर्डर याला अर्थ होता, कारण ते इथे मिळत नव्हते. आज तिथली तसबीह, टोपी, जानमाज अनेकदा दुसऱ्याच देशात बनलेली असते, आणि तशीच वस्तू मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर कमी पैशात मिळते. मदिनेची खजूर आणावी, घरोघरी दोन-दोन दाणे वाटावेत. जमजमचे डबे सामानात घालू नका, मोठ्या बॅगेत ते चालत नाहीत; हज समितीच्या यात्रेकरूंना परतल्यावर पाच लिटरचा सीलबंद कॅन विमानतळावर मिळतो. प्रत्येक नातेवाइकासाठी वस्तू आणायची या धास्तीने हरममधले तास बाजारात जातात, हे नुकसान तर रियालमध्ये मोजताच येत नाही.

यापेक्षा मोठा खर्च विमानात बसण्याआधीच होतो. निरोपाची दावत, हार, फेटे, मग अक्कलकुवा-तळोदा करत मुंबईपर्यंत निघालेल्या तीन-चार गाड्या, त्यांचे डिझेल, टोल, दोन दिवसांचे जेवण. बॅगेतून चटणीची बरणी काढून आपण शंभर रुपये वाचवतो आणि या मिरवणुकीत हजारो घालवतो. आम्ही याच्या विरोधात आहोत आणि ते स्पष्ट सांगतो. ज्यांच्यावर सावकाराचे, सोसायटीचे किंवा भावाचे देणे आहे त्यांनी तर आधी ते पाहावे. हज फर्ज होतो तो ऐपत असलेल्यावर, आणि दावत कोणावरही फर्ज नाही. सोडायला घरातला एक माणूस रेल्वेने मुंबईपर्यंत गेला तर पुरे.

काही ठिकाणी मात्र एक रुपयाही वाचवू नये. व्हिजिट व्हिसावर स्वस्तात हज घडवतो म्हणणारे दरवर्षी भेटतात. 2024 च्या हजमध्ये पारा पन्नाशीच्या पार गेला आणि 1301 यात्रेकरू मरण पावल्याचे सौदी सरकारने सांगितले. त्यांतले 83 टक्के परवान्याशिवाय आलेले होते. त्यांच्या वाट्याला ना थंड तंबू आला ना बस, रणरणत्या उन्हात मैलोन् मैल चालणे आले. हज आता उन्हाळ्याच्या दिवसांत येतो आणि मे महिन्याचे ऊन म्हणजे काय हे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला सांगायला नको. परवाना नसलेला स्वस्त हज हा अम्मी-अब्बांच्या जिवाचा सौदा आहे. कुर्बानीचेही तसेच: अधिकृत कुपनातूनच पैसे भरा, वाटेत कमी पैशात करून देतो म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. टूरवाल्याला रक्कम बँकेतून द्या, रोख नको, आणि करारात हॉटेल हरमपासून किती लांब आहे ते लिहून घ्या. लांबचे हॉटेल स्वस्त पडते, पण गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे टॅक्सीचे भाडे त्यात धरले की हिशेब उलटतो.

औषधातही काटकसर नको. मेंदुज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. हजयात्रेकरूंसाठी सरकारी शिबिरात ती मोफत असते, तारीख चुकवू नये. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव इंग्रजीत आणि स्वच्छ अक्षरात लिहून घ्या. झोपेच्या, गुंगीच्या आणि कडक वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीशिवाय नेऊच नका. पुड्यांतली चूर्णे घरीच ठेवा. पाळीचे दिवस पुढे ढकलण्याची गोळी घ्यायची असेल तर बहिणींनी ती महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून ठरवावी, विमानतळावर मैत्रिणीने दिलेली घेऊ नये.

बॅगांना कुलूप लावण्याच्या आदल्या रात्री एक पाकीट घरी ठेवायचे असते. त्यात पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती, तिथल्या राहण्याच्या इमारतीचा नंबर, बरोबरच्या एका हाजींचा फोन, घरखर्चासाठी महिन्याप्रमाणे वेगळी केलेली रक्कम, आणि कोणाचे किती देणे-घेणे आहे याचा सहीचा कागद. हे पाकीट मुलाकडे नव्हे, सुनेकडे द्या. गॅस संपला, फी भरायची, आजी आजारी पडली, हे सगळे तिलाच निभवायचे आहे.