पारावरून : आधी हिशेब, मग भाषण

ग्रामसभेच्या कोरमवर मागे लिहिलं, तेव्हा एका वाचकाने कळवलं : बायका येतात, पण तोंड उघडत नाहीत, त्यांच्यासाठी वक्तृत्वाचं शिबिर घ्या. शिबिराला माझी ना नाही. पण दोन दिवसांत आलेला धीर घरी पोहोचेपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

बोलणं आपण शिकवतो तेच उलटीकडून. शाळेत वर्षाकाठी एक स्पर्धा. भाषण बाईंनी लिहायचं, आईने घोकून घ्यायचं. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’ म्हणताना हात कुठे न्यायचा तेही ठरलेलं. एक ओळ निसटली की पोर रडत खाली. उलटून कुणी काही विचारतच नाही, तर सावरायची सवय लागणार कुठून?

ती लागते बचत गटात. सतरंजीवर दहा-बारा जणी. वही उघडून मागचं इतिवृत्त वाचायचं, मग जमा किती, कर्ज कुणाकडे, हप्ता कुणाचा थकला. जिचा थकला ती समोरच बसलेली. ती उसळली की आवाज न चढवता आकडा पुन्हा सांगायचा. याहून अवघड व्याख्यान मी तरी ऐकलेलं नाही. फक्त वाचायची पाळी फिरती हवी. नाहीतर अध्यक्ष आणि सचिव बोलतात, बाकीच्या अंगठा नाहीतर सही करून उठतात.

१९२४ साली कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स या वक्तृत्वाच्या क्लबांमध्येही हेच चालतं. पाळीपाळीने उभं राहायचं, आयत्या वेळच्या विषयावर मिनिट-दोन मिनिटं बोलायचं. ‘अं… अं’ मोजायलासुद्धा एक जण नेमलेला. पुण्यामुंबईची नोकरदार मंडळी त्यासाठी वर्गणी भरतात. गावात सतरंजी फुकट आहे.

२०११ पासून राज्यातल्या पंचायतींत निम्म्या जागा महिलांच्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं कायदाही सांगतो. पुष्कळ ठिकाणी ती रजिस्टरातल्या सह्यांपुरती उरते, आणि सरपंचबाईंच्या खुर्चीमागून यजमानच उत्तरं देतात. खरं तर पाणीपट्टीचा प्रश्न आधी महिलांच्या या सभेत विचारून बघता येतो : वसुली किती, खर्च किती, टाकीची दुरुस्ती कुणाच्या नावावर? अडखळलं तर शेजारची आठवण करून देते. मग ग्रामसभेत तोच प्रश्न, त्याच आकड्यांनिशी. आणि तो विचारणारीच्या नावासकट इतिवृत्तात लिहिला जातोय ना, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून तिथल्या तिथे वाचून घ्यायचं.