पोट भरेल का?

गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलाचे वालिद शाळेत आले. भिवंडीत त्यांचे स्वतःचे चार लूम आहेत. मुलगा मागे मान खाली घालून उभा.

"सर, हा रात्रंदिवस मोबाईलवर पियानो बडवतो. यानं पोट भरेल का?"

संगीत जायज की नाजायज, हा उलेमांचा विषय. त्यात मी पडलो नाही. प्रश्न पोटाचा होता, म्हणून लुई बँक्स यांच्याबद्दल सांगितलं.

१९८८ पासून दूरदर्शनवर लागणारं 'मिले सुर मेरा तुम्हारा' आपल्या पिढीला पाठ आहे. त्याच्या संगीतात आपले अशोक पत्की होते आणि त्यांच्या जोडीला हे लुई बँक्स. १९४१ साली दार्जिलिंगच्या नेपाळी घरात जन्मलेले. मूळ नाव डंबर बहादुर. वडील ट्रम्पेट वाजवायचे. पहिले उस्ताद तेच. आधी काठमांडूला वडिलांच्या बँडमध्ये, मग कोलकात्याच्या 'ब्लू फॉक्स' रेस्तराँमध्ये. समोर लोक जेवतायत, गप्पा मारतायत आणि हे वाजवतायत! तिथेच राहुल देव बर्मन यांनी त्यांना ऐकलं आणि मुंबईला बोलावलं.

त्यांचा जीव मात्र जॅझमध्ये. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांतून आलेलं हे संगीत. चाल ठरलेली, पण वाजवणारा ती तिथल्या तिथे फुलवतो. आपल्याकडे कव्वाल मध्येच गिरह लावतो आणि फिरून मूळ मिसऱ्यावर येतो, काहीसं तसंच.

आता जॅझवर मुंबईत घर चालणं कठीण. बँक्स यांनी जाहिरातींच्या असंख्य जिंगल्स केल्या, चित्रपटांसाठी वाजवलं. साबण-बिस्किटांसाठी चाल बांधण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही, हे मला फार आवडतं. रोजी एकीकडे, रियाज दुसरीकडे. दोन्ही सुटू दिलं नाही. २००८ साली ग्रॅमीसाठी नामांकन मिळालेल्या दोन अल्बममध्ये त्यांचं वादन होतं. तेव्हा वय ६७. मुलगा जिनो ड्रम्स वाजवतो. म्हणजे तिसरी पिढी.

वालिद बराच वेळ गप्प होते.

"म्हणजे घर जाहिरातींनी चाललं?"

"मोठा आधार त्यांचाच."

ते मुलाकडे वळले. "दहावी नीट कर, मग बघू. आणि फज्रच्या आधी वाजवायचं नाही, दादी उठते."

मुलगा पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "अब्बा, मी हेडफोन लावतो."

"मग रोज सकाळी मला ऐकू येतं ते काय असतं?"

"ते मी टेबलावर बोटं वाजवतो ना, ते."