‘एलिमेंटरी’ की ‘फंडामेंटल’? महाडच्या पाण्याने शिकवलेला फरक

#धागा #इतिहास #महाड

१/ महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना ‘एलिमेंटरी’ हे इंग्रजी विशेषण बहुधा प्रथम भेटते ते चित्रकलेच्या शासकीय परीक्षेत. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. त्यामुळे शब्दाचा अर्थ मनात ठसतो तो असा : आरंभीचे, सोपे, लहानांसाठीचे. शेरलॉक होम्सच्या नावावर खपणारे प्रसिद्ध वाक्यही हाच अर्थ पक्का करते. अगदी सोपे, त्यात काय एवढे!

२/ याच गोत्रातली आणखी दोन विशेषणे म्हणजे ‘बेसिक’ आणि ‘फंडामेंटल’. मराठीत या तिघांसाठी आपण प्राथमिक, मूलभूत, पायाभूत हे शब्द आलटूनपालटून वापरतो. रोजच्या बोलण्यात त्याने फारसे बिघडत नाही. इतिहास लिहिताना आणि वाचताना मात्र बिघडते. कसे, ते महाडच्या उदाहरणावरून मांडण्याचा हा प्रयत्न.

३/ आधी शब्दांची कुळे पाहू. ‘एलिमेंटरी’ आला लॅटिन ‘एलिमेंटम’वरून. त्याचा अर्थ आद्य घटक किंवा मूलतत्त्व. ‘फंडामेंटल’च्या मुळाशी ‘फुंडामेंटुम’ आहे, म्हणजे इमारतीचा पाया. पहिला शब्द क्रम सांगतो : आधी काय येते. दुसरा भार सांगतो : कशावर काय उभे आहे. ‘बेसिक’ हाही मुळात बैठकीचा, आधाराचा शब्द. पण आजच्या वापरात तो बराचसा ‘किमान’ या अर्थाकडे सरकला आहे. दुकानातले ‘बेसिक मॉडेल’ म्हणजे सर्वांत कमी सोयींचे.

४/ आता पाणी घ्या. आपल्या पंचमहाभूतांत ते आहे आणि प्राचीन ग्रीकांच्या चार तत्त्वांतही. १७८० च्या दशकात कॅव्हेंडिश आणि लाव्हाझिए यांच्या प्रयोगांमुळे पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग असल्याचे स्पष्ट झाले. रसायनशास्त्रातले त्याचे आद्यपद गेले, जगण्यातले तसेच राहिले. पाणी ही माणसाची सर्वांत एलिमेंटरी गरज आहे. पण एलिमेंटरी असलेली गोष्ट आपोआप फंडामेंटल ठरत नाही. त्यासाठी झगडावे लागते.

५/ महाडजवळ सावित्री नदीच्या काठी सव नावाचे गाव आहे. तेथे गरम पाण्याचे झरे आहेत. अशा झऱ्याला मराठीत ‘उन्हाळे’ असा जुना शब्द आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून पालीजवळचे उन्हेरे, मग सव, दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वरकडची तुरळ-राजवाडी आणि राजापूरचे उन्हाळे अशी या झऱ्यांची एक रांगच कोकणात आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, तेथे तापते आणि भेगांतूनच पुन्हा वर येते.

६/ सवचा उल्लेख मुद्दाम केला. महाडचा इतिहास सांगताना आपण नकळत दुष्काळी माळरानाचे चित्र उभे करतो : तहानलेले लोक आणि एक तळे. प्रत्यक्षात हा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा. वर्षाचा पाऊस ३,००० मिलिमीटरच्या घरात. सावित्री आणि गांधारी या दोन नद्या शहरालगत, आणि हाकेच्या अंतरावरील सवला जमिनीतून उसळणारे पाणी. कोकणात उन्हाळ्यात विहिरी आटतात हे खरे. परंतु महाडचा प्रश्न पाण्याच्या अभावाचा नव्हता.

७/ तो किती नव्हता, याचा हिशेब एका आकड्यात सापडतो. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. जमलेल्या लोकांना पिण्यासाठी आयोजकांना ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दोन नद्यांच्या गावात, तुडुंब तळ्यापासून काही अंतरावर! पाणी होते, ते घेण्याचा अधिकार नव्हता.

८/ आणि कागदावर तर अधिकारही होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले असावेत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले. तरीही तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते.

९/ २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठवण्यात आली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली.

१०/ येथे थोडे थांबावे. याच तळ्यावर मुसलमान व ख्रिस्ती पाणी घेत, जनावरेही पीत. मग शुद्धी नेमकी कशाची झाली? पाण्यात काहीच मिसळले नव्हते. बिघडला होता तो एक क्रम : कोण वर, कोण खाली. तळ्याला विरोध करणाऱ्यांनाही हे पुरते ठाऊक होते की वाद पाण्याचा नाही. फंडामेंटल काय आहे ते त्यांनी बरोबर ओळखले होते.

११/ आता या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची तारीख. ४ ऑगस्ट १९२७. त्या दिवशी महाड नगरपालिकेने तळे खुले करणारा आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले यांच्या ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. एका ठरावाने दिले, दुसऱ्या ठरावाने काढून घेतले.

१२/ विशेषणांमधला खरा फरक येथे हाती लागतो. सभागृहाच्या मर्जीने मिळालेली गोष्ट सभागृहाच्या मर्जीने जाऊ शकते. ती कितीही आवश्यक असो, कितीही आद्य असो, तिचे स्थान ‘सोयी’चेच राहते. जी गोष्ट साध्या बहुमताने काढून घेता येत नाही, कारण ती काढली की बाकीचा डोलारा उभा राहत नाही, ती फंडामेंटल.

१३/ डिसेंबर १९२७ मधील दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच सांगितले. चवदार तळ्याचे पाणी प्यालो नाही म्हणून आपण आजवर मेलो नाही आणि प्यालो म्हणून अमर होणार नाही. तळ्यावर जायचे ते आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. या परिषदेची तुलना त्यांनी १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. एका तालुक्याच्या गावातील तळे आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा यांना जोडणारा हा धागा ‘एलिमेंटरी’ गरजेतून निघत नाही.

१४/ त्या परिषदेला शहरात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिलेला असल्याने त्या वेळी तळ्यावर जाणे मात्र स्थगित ठेवण्यात आले.

१५/ पुढे हा खटला सुमारे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाली काढला. खंडपीठात न्या. ब्रूमफील्ड होते, १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच. निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

१६/ निकालाचे कारण मात्र वाचण्यासारखे आहे. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. अशी रूढी मुळात अन्याय्य किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरजच पडली नाही. पुराव्याचा प्राथमिक प्रश्न सुटला, मूलभूत प्रश्न तसाच उरला. उद्या एखाद्या गावाने रूढी खरोखरच प्राचीन असल्याचे दाखवून दिले असते तर?

१७/ त्या ‘तर’ला उत्तर दिले संविधानाने. अनुच्छेद १५ मध्ये सार्वजनिक निधीतून राखलेल्या किंवा जनतेसाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून आडकाठी करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. त्यातला ‘तलाव’ हा शब्द वाचताना महाड आठवत नसेल, तर आपण अनुच्छेद वाचला, इतिहास वाचला नाही.

१८/ येथे एक सावधगिरी. सार्वजनिक पाणवठ्यांवरील समान हक्काची मागणी एकट्या महाडची नव्हती. १९२८ च्या नेहरू अहवालात ती आहे; काँग्रेसच्या १९३१ च्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही आहे. गोलमेज परिषदेत आंबेडकर व श्रीनिवासन यांनी अस्पृश्यता नष्ट करणारा मूलभूत हक्कच मागितला. महाडचे वेगळेपण हे की, तेथे हा हक्क मागण्याआधी लोकांनी तो ओंजळीने वापरून दाखवला.

१९/ कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस आहे. शब्द वापराने बदलतात, बदलू द्यावेत. मान्य. पण कायद्यात विशेषण बदलले की दार बदलते. ‘फंडामेंटल’ हक्काचा भंग झाल्यास अनुच्छेद ३२ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. बाबासाहेबांनी याच अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा म्हटले. राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांसाठी हे दार उघडत नाही.

२०/ दुसरे उदाहरण शिक्षणाचे. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आणलेल्या विधेयकाच्या नावातच ‘एलिमेंटरी एज्युकेशन’ होते. ते फेटाळले गेले. १९५० च्या संविधानात मोफत शिक्षण आले ते मार्गदर्शक तत्त्व म्हणून. ते मूलभूत हक्क झाले २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने.

२१/ १८८२ ते २००२. ‘एलिमेंटरी’पासून ‘फंडामेंटल’पर्यंतचे अंतर १२० वर्षांचे. मधल्या काळात प्राथमिक शिक्षण आवश्यक आहे हे फारसे कोणी उघडपणे नाकारत नव्हते. आवश्यक आहे म्हणणे सोपे असते. त्याला पाया मानणे खर्चिक असते.

२२/ १९७३ चा केशवानंद भारती खटलाही याच प्रश्नाभोवती फिरतो. तेथे विशेषण ‘बेसिक’ आहे, परंतु अर्थ पूर्णपणे पायाचा. संसद घटनादुरुस्ती करू शकते; मात्र संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, असा निर्णय तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी दिला. महाड नगरपालिकेने १९२७ मध्ये जे एका ठरावाने केले, त्याला देशाच्या पातळीवर घातलेली ही मर्यादा आहे, असे मला वाटते.

२३/ आणि आज? जाहीरनाम्यांत ‘मूलभूत सुविधा’ म्हणून नळ, गटार, दिवे यांची यादी येते. ‘मूलभूत’ हे विशेषण ‘सुविधा’ या नामाला चिकटले की त्याचे वजन घटते. सुविधा कोणीतरी देतो, तिच्या उद्घाटनाचा फलक लागतो, आभार मानले जातात. हक्काचे आभार मानायचे नसतात. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा उपभोग जगण्याच्या हक्कात गणला. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाण्याचा मानवी हक्क मान्य केला. आपली भाषा मात्र अजून ‘सुविधे’तच रेंगाळते.

२४/ म्हणून एक सुचवणे. जे क्रमाने पहिले, ते ‘प्राथमिक’ म्हणावे. जे कमीत कमी हवे, ते ‘किमान’. आणि जे काढले असता वरचे सारे कोसळते, त्याच्यासाठीच ‘मूलभूत’ राखून ठेवावा. एखादी गोष्ट कोणत्या खान्यात बसते हे ठरवताना एकच प्रश्न पुरे : ही उद्या कोणी ठरावाने काढून घेऊ शकतो काय?

२५/ आणि महाडविषयी लिहिताना ‘पाण्यासाठीचा लढा’ एवढेच लिहून थांबू नये. पाणी सावित्रीत होते, गांधारीत होते, सवच्या झऱ्यांत होते. महाडने मागितला तो त्या पाण्याखालचा पाया. तो पाया आपल्या सर्वांच्या नागरिकत्वाखाली आहे. चवदार तळ्यावर त्या दिवशी गेलेल्यांच्याच नव्हे, तर त्यांना अडवणाऱ्यांच्या नातवंडांच्याही.

धागा समाप्त. आपल्या गावच्या जुन्या पाणवठ्याचा असा काही इतिहास ठाऊक असेल, तर खाली जरूर लिहा. मतभेदही मोकळेपणाने मांडावेत.