जहाजावरचे पाणी आणि आमचा शेवटचा नळ

भंडारा जिल्ह्यात बसून जहाजांवर लिहायचे म्हणजे मित्रांच्या थट्टेला आयते निमंत्रणच. आपली मजल वैनगंगेतल्या डोंग्यापर्यंत! पण नाग नदीवाटे नागपूरचे सांडपाणी ज्या गोसीखुर्दच्या जलाशयात येते, तिथेही आता जलपर्यटनाच्या बोटींची भाषा सुरू झाली आहे. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

प्रवासी जहाजावर चहूकडे पाणी असते, पण पिण्याचे पाणी बंदरावर टाक्यांत भरून घ्यावे लागते, नाहीतर समुद्राचे गोडे करावे लागते. बंदराचे पाणीच दूषित असले, टाकीच्या दुरुस्तीत घाण आत गेली, किंवा सांडपाण्याची नळी पिण्याच्या नळीला कुठे मिळाली, की शेकडो माणसे एकदम आजारी. पळणार कुठे? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जहाजांवरच्या अशा २१ साथी तपासल्या आहेत; त्यांत ही कारणे वारंवार भेटतात. आपल्या मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हज यात्रेकरूंनाही कॉलऱ्याच्या धास्तीने १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर उतरवून अडकवून ठेवीत.

हे वाचताना मला आमचे गाव आठवत होते. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या टोकाच्या वस्तीत हगवणीची साथ आली. शेजारच्या काकूंना दोन दिवस सलाइन लावावे लागले. गावच्या टाकीत टीसीएल पावडर पडत होती, ओटी टेस्टला टाकीखालचे पाणी पिवळे होत होते, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवे कार्डही होते. मात्र आमच्या वस्तीकडे येणारा फुटका पाइप नालीतून जात होता आणि तिथल्या नळाखाली कुणी बाटली धरलीच नव्हती.

अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांना मात्र टाकीपासून दूरच्या टोकाला क्लोरीन मोजावे लागते, लिटरला ०.२ मिलिग्रॅमहून कमी चालत नाही. गंमत अशी की आपल्याकडच्या प्रमाणातही किमान आकडा तोच, ०.२! म्हणजे चूक आकड्यात नाही, बाटली कुठे धरायची यात आहे. आम्ही कला शाखेचे, रसायनशास्त्र आम्हाला कळत नाही, ही सबब इथे चालणार नाही. पाणी पिवळे झाले की नाही एवढेच पाहायचे असते.

यंदा रासेयोच्या शिबिरात प्रभातफेरी जरूर काढावी. पण फेरीच्या आधी ओटीची बाटली घेऊन गावाच्या शेवटच्या नळावर जाऊ. तिथून टाकीकडे उलट चालत यायला अर्धा तासही लागणार नाही.