इसार देण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण रूढ झाली त्या काळी घरधनी पायाच्या दगडापासून आढ्यापर्यंतचे काम स्वतःच्या देखरेखीखाली करून घेत असे. आजच्या नागरी मध्यमवर्गीयाच्या वाट्याला दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेणे तेवढे येते. दहिसरचा चेकनाका ओलांडून पेणकरपाड्यात, मीरा रोडला वा भाईंदरला जागा शोधणारी कुटुंबे याच वर्गातील आहेत. साधे मडकेही वाजवून घेणारी ही सुजाण माणसे आयुष्याची पुंजी जेथे गुंतवितात, ते घर मात्र नवा रंग आणि खिडकीतला वारा पाहून पसंत करतात, हे आम्हांस चिंताजनक वाटते.

वसईच्या खाडीपलीकडे विरार येथे २०२५ च्या ऑगस्टमध्ये रमाबाई अपार्टमेंट या इमारतीचा भाग मध्यरात्रीच्या सुमारास कोसळून १७ जणांचा बळी गेला. ही काही शतायुषी चाळ नव्हती; तिला उणीपुरी वीस वर्षेही झाली नव्हती. ती अनधिकृत असल्याचे दुर्घटनेनंतर जगजाहीर झाले. मृतांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु जिवंतांनी त्यातून बोध घेऊ नये काय?

घरखरेदीच्या व्यवहारात माणसांची वाण नसते. दलालाची दृष्टी दलालीवर असते. बँक वकील व मूल्यमापक धाडते, ते आपले कर्ज बुडू नये म्हणून. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो. भिंती तपासणे हे त्याचे काम नव्हे. ग्राहकाच्या वतीने घर पाहणारा या मेळाव्यात कोणीच नसतो, आणि तरीही ‘बँकेने कर्ज दिले, म्हणजे घर चोख’ अशी भाबडी समजूत सर्वत्र आढळते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दिसून आलेले बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दूर करावयाचे असतात. जुनी सदनिका घेणाऱ्यास हे छत्र बहुधा लाभत नाही.

मीरा-भाईंदरची पुष्कळ जमीन खाडीच्या व मिठागरांच्या सान्निध्यातील आहे. खाऱ्या दमट हवेत काँक्रीटमधील सळया गंजतात; गंजलेली सळई फुगते व काँक्रीट आतून फोडते. रंगाचा एक हात हे सारे झाकून टाकतो. जाणकार अभियंता मात्र खांब व तुळया ठोकून पाहील, गच्ची आणि न्हाणीघराखालची ओल तपासील, मंजूर नकाशाशी प्रत्यक्ष बांधकाम ताडून पाहील. भोगवटा प्रमाणपत्र मागावे. इमारत तीस वर्षांहून जुनी असल्यास कायद्याने आवश्यक असलेला संरचनात्मक परीक्षणाचा अहवालही गृहनिर्माण संस्थेकडून मागून घ्यावा. दलाली मुकाट्याने मोजणाऱ्याने अभियंत्याच्या शुल्कासाठी हात आखडता घेऊ नये.

शासनाचेही येथे कर्तव्य आहे. भोगवटा प्रमाणपत्र आणि जुन्या इमारतीचा परीक्षण अहवाल जोडल्याखेरीज सदनिकेच्या विक्रीचा दस्त नोंदला जाऊ नये, अशी आमची मागणी आहे. हे होईल तेव्हा होवो. तोवर ग्राहकाने निदान इसारपावतीत एक कलम आग्रहाने घालून घ्यावे: अभियंत्याच्या तपासणीत गंभीर दोष आढळल्यास इसाराची रक्कम परत मिळावी. विकणारा या कलमास राजी नसेल, तर ग्राहकाने दुसरे घर पाहावे.